आत बघणारे चेहरे

कवळी घासून घेऊन तो घरी आला, चपला काढल्या, हॉलच्या भिंतीकडे पाहिलं आणि बायकोने तोंड फिरवलेलं त्याला दिसलं. म्हणजे बायकोच्या फोटोने. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधीची बत्तीस आणि नंतरची ही अकरा, अशी त्रेचाळीस वर्षं तिचा हा एकच मोठा फोटो या घरात आणि याच्या आधीच्या दोन घरांत टांगलेला होता, आणि तेवढी सगळी वर्षं ती त्यात डावीकडे बघत आली होती. हनुवटी जराशी वर, मान किंचित वळलेली, ओठ मिटलेले. आता तीच हनुवटी, तीच मान, तेच ओठ, आणि बघत मात्र होती उजवीकडे. एखाद्या खोलीत शिरावं, आतलं माणूस आपल्याला बघून दुसरीकडे बघू लागावं, तसं काहीतरी त्याला झालं. नवी घासलेली कवळी हिरडीला टोचत होती. ती जिभेने चाचपत तो तिथेच उभा राहिला, आणि मग नेहमीप्रमाणे त्याला बरं वाटायला लागलं, कारण कुणीतरी घोडचूक केली होती आणि ती फक्त त्याला दिसली होती.

भिंत सकाळीच, तो घरात नसताना उरकून घेतली होती. दातांच्या डॉक्टरकडे आजचीच वेळ मिळावी म्हणून सुनेने स्वतः तीन वेळा फोन का केला याचा उलगडा त्याला आता झाला. तेवीस चौकटी होत्या. सगळ्यांना एकसारखी बारीक काळी कड, सगळे फोटो काळे-पांढरे, जणू एका दिवसात एकाच माणसाने काढलेले. त्याचे वडील होते, आणि वडिलांच्या खांद्याला खांदा लावून सुनेची मैत्रीण समुद्रात पाय बुडवून हसत होती. नातीने चौथ्या वर्षी मारलेल्या रेघोट्या होत्या, त्यांना मोठा मान देऊन मधोमध बसवलं होतं. मुलगा-सून कधीतरी तीन दिवस राहून आले त्या शहराचा नकाशा होता. आणि दोन चौकटी चक्क रिकाम्या होत्या, काच नाही, कागद नाही, आतून भिंतच दिसते आहे अशा. शेजारच्या भिंतीला रंगाऱ्याची टाकून दिलेली शिडी टेकवून तिच्या पायऱ्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी पोस्टकार्डाएवढे फोटो लटकवले होते. त्यात त्याचा थोरला भाऊ कानाला चिमटा लागून वाळत पडला होता. स्वयंपाकघराच्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांत गुंडाळी करून नातेवाईक मुरायला घातले होते. या सगळ्याला कल्पकता म्हणतात असं त्याला महिनाभर ऐकावं लागलं होतं. भांडी ठेवायची जागा नाही असं रोज रडणाऱ्या घरात बरण्यांमधून माणसं ठेवायला बरी जागा झाली.

हे सगळं उभं करणारी बाई होती. तिचा धंदाच तो, लोकांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो त्यांच्या भिंतीवर लावून देणं. आपल्या भिंतीवर आपला बाप कुठे टांगायचा हे विचारायला लोक परक्या बाईला बोलावतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याला इतकं हसू आलं की ठसका लागला. तिचं नाव त्याने विचारलं नाही. मनातल्या मनात तिला भिंतवाली म्हणत असे, आणि एकदा तोंडून निघून गेलं तेव्हा सुनेने आठवडाभर त्याच्याशी तुटक बोलून घेतलं. भिंतवाली पहिल्या दिवशी आली ती रद्दीची वर्तमानपत्रं घेऊन. प्रत्येक फोटोच्या मापाचे तुकडे कापून तिने भिंतीवर चिकटवले, मागे सरकली, डोळे बारीक केले, एक तुकडा बोटभर वर घेतला, पुन्हा मागे सरकली. असं दोन तास. मग आठ दिवस घरात हॉलच्या भिंतीवर जुन्या बातम्या चिकटलेल्या, आणि "नुसतं बघत राहायचं, सवय होऊ द्यायची" असा हुकूम. तो जेवताना समोर बघत असे, तर त्याच्या बायकोच्या जागी एका कारखान्याला लागलेली आग आणि वडिलांच्या जागी बुटांची जाहिरात.

भिंतवालीचे नियम होते. ती ते सांगायची तेव्हा सून मान डोलवायची, जणू औषधाचे डोस लिहून घेते आहे. मांडणीचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. (कुणाच्या डोळ्यांच्या? त्याच्या की नातीच्या?) दोन चौकटींत तीन बोटांचं अंतर. मोठं चित्र कधीही मधोमध नाही, जरा खाली आणि बाजूला. आणि कडेच्या फोटोतले चेहरे नेहमी आत बघणारे हवेत, बाहेर बघणारे नकोत. "बाहेर बघणारा चेहरा आपली नजर भिंतीबाहेर ओढून नेतो काका," ती त्याला म्हणाली होती, त्याने विचारलं नसताना. त्याच्या डोक्यात तिडीक गेली होती. एकतीस वर्षं त्याने चेहऱ्यांखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि ही कालची पोरगी त्याला चेहरा कुठे बघतो ते शिकवत होती. आता त्या नियमाचा उपयोग त्याला कळला. बायकोचा फोटो भिंतीच्या डाव्या टोकाला लावला होता. तिथून ती डावीकडे बघती तर भिंतीबाहेर, दाराबाहेर, चपलांच्या कपाटाकडे बघत राहिली असती. म्हणून भिंतवालीने तिला उलटी छापून घेतली होती. चालत नाही ना चेहरा, मग फिरवा त्याला, आहे काय त्यात. मेलेलं माणूस थोडंच तक्रार करणार.

रिटचर म्हणजे काय हे हल्ली कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या काळात शहरातल्या बऱ्या स्टुडिओत एक मालक असे, तो फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, आणि मागच्या खोलीत एक रिटचर असे, तो काम करायचा. तळहाताएवढी निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, खालून उजेड सोडायचा, डोळ्याला भिंग लावायचं, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहरा दुरुस्त करायचा. सुरकुतीची जागा निगेटिव्हवर पातळ असते, ती भरायची. देवीचे व्रण भरायचे, डोळ्यांखालची काळजी भरायची, नाकाजवळच्या खोल रेघा निम्म्या ठेवायच्या, नाहीतर माणूस मेणाचा दिसतो. निम्म्या कुठे ठेवायच्या हे कळायला दहा वर्षं जातात. स्टुडिओत त्याला 'डोळा' म्हणत. "डोळ्याला विचार", "डोळ्याकडे दे". आणि डोळ्याने त्या एकतीस वर्षांत जे पाहिलं त्यातून त्याचं माणसांबद्दलचं मत कायमचं बनून गेलं. लोक येत ते आपला चेहरा घेऊन येत आणि दुसराच चेहरा घेऊन जायला राजी असत, इतकंच नाही, तर तोच आपला आहे असं घरी जाऊन सांगत. एकानेही कधी फोटो परत आणून म्हटलं नाही की अहो, माझ्या गालावर इथे खड्डा आहे, तो कुठे गेला. लोकांना स्वतःचं तोंड माहीत नसतं, दुसऱ्याचं कुठून असणार. बाजारात, बसमध्ये, लग्नकार्यात तो माणसांकडे बघे तेव्हा त्याची पेन्सिल मनात चालू असे, आणि या आंधळ्यांच्या गर्दीत आपण एकटे डोळस आहोत ही गोष्ट त्याला त्रास देण्याऐवजी पोटभर जेवल्यासारखी वाटे.

बायकोचा तो फोटो लग्नानंतर तिसऱ्या महिन्यातला. ती डबा द्यायला स्टुडिओत आली होती, मालक खुशीत होता, म्हणाला बसा वहिनी. तिला बसवलं, दिवे लावले, एकच फोटो काढला. निगेटिव्ह मागच्या खोलीत आली ती अर्थात त्याच्याकडे. भुवईच्या वर तिला एक जुना व्रण होता, लहानपणी कशावर तरी आपटून झालेला, गव्हाच्या दाण्याएवढा. तीन दिवस, गिऱ्हाइकांची कामं संपल्यावर, तो त्या निगेटिव्हवर बसला होता. व्रण असा भरला की मालकाने भिंग लावून शोधला आणि हात टेकले. मग कपाळ गुळगुळीत केलं, ओठांच्या कोपऱ्यातली एक मुरड सरळ केली, आणि सुट्टीच्या दिवशी स्टुडिओ उघडून स्वतःच्या हाताने मोठा करून छापला. आयुष्यात केलेलं सर्वांत चांगलं काम. हा फोटो तो पाहुण्यांना दाखवी तेव्हा बायको आत निघून जाई. लाजते, असं तो सांगत असे.

"हा फोटो कुणी उलटा केला?" तो हॉलच्या मध्यभागी उभा राहून म्हणाला.

सून स्वयंपाकघरातून आली. भिंतवाली अजून गेली नव्हती. शिडीच्या मागे वाकून ती आपली हत्यारं पिशवीत भरत होती, ती सरळ झाली. दोघींच्या चेहऱ्यावर काम चांगलं झाल्याचा आनंद होता, तो विझताना बघायला त्याला मजा आली.

"कुठला फोटो, बाबा?"

"सासूचा तुझ्या. इथे दुसरा कुठला आहे बोलण्यासारखा?"

"उलटा कुठे? सरळच आहे की." सुनेने डोकं एका खांद्यावर वाकवून पाहिलं. फोटो खालीवर लागला आहे का, एवढंच तिला सुचलं होतं.

"डावीकडे बघायची ती. आता उजवीकडे बघते आहे. त्रेचाळीस वर्षं या फोटोखालून जाताय-येताय तुम्ही लोक." सून या घरात आली त्याला नऊच वर्षं झाली होती आणि सासूला तिने कधी पाहिलंही नव्हतं, पण हिशेब करत बसायला त्याला वेळ नव्हता. "कडेला लावायचा होता ना? आत बघणारा चेहरा हवा होता ना? घेतला फिरवून!"

"मी नाही फिरवला काका," भिंतवाली म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि त्याचा त्याला जास्तच राग आला. "जुना फोटो पिवळा पडला होता, डागही होते. ताईंना कपाटात पाकिटात निगेटिव्ह सापडली, ती दुकानात स्कॅन करून नवीन छापून घेतली. जशी आली तशी लावली. आणि त्या आत बघत होत्या म्हणून तर मी त्यांना त्या टोकाला घेतलं."

"बघा! ती आत बघत होती म्हणे! अगं बाई, तू जन्मायच्या आधीपासून मी तिला ओळखतो. तिचा भांग कुठल्या बाजूला होता, तिचा कुठला डोळा लहान होता, हे मला झोपेतून उठवून विचार. तुझा दुकानदार कोण, त्याला एक कागद सरळ छापता येत नाही? आणि तुला दिसत नाही? लोकांच्या घरी कसल्या भिंती सजवतेस?"

भिंतवालीचे कान लाल झाले. तिने पिशवीची चेन लावली. सून म्हणाली, "बाबा, असं बोलायचं काही कारण नाही." तो म्हणाला की एक तर हा फोटो आज संध्याकाळच्या आत सरळ होईल, नाहीतर तो स्वतः हातोडी घेऊन तेवीसच्या तेवीस चौकटी खाली काढेल, त्या रिकाम्यासुद्धा. सून मोबाईल घेऊन गॅलरीत गेली. काचेच्या दारातून तिचा हात हलताना दिसत होता. ती मुलाशी बोलत होती. मुलगा इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायचा. तुमचा मुलगाही फोटोच काढतो, असं कुणी म्हटलं की तो म्हणे, हो, पण त्याच्या फोटोत कुणाला चेहरा नसतो. सून परत आली तेव्हा तिचा चेहरा बंद झालेला होता.

"हे म्हणाले, बाबा सांगतात तसं करून आण. वाद घालू नकोस म्हणाले." तिने चौकट खाली उतरवली, भिंतवालीने मागच्या पिना काढून दिल्या, आणि दोघी फोटो उलटा छापून आणायला निघून गेल्या. दाराशी भिंतवालीने मागे वळून पाहिलं, त्याच्याकडे नाही, भिंतीच्या डाव्या टोकाला राहिलेल्या एकट्या खिळ्याकडे.

तो जिंकला होता. आरामखुर्चीत बसून त्याने पाय लांब केले. मुलाने इतक्या लवकर मान तुकवली याचं त्याला नवल वाटलं नाही. मुलगा पहिल्यापासून मऊ होता, आईवर गेलेला. त्याने कधी वाद घातला नव्हता. दहावीनंतर स्टुडिओत ये म्हटलं तेव्हाही वाद न घालता दुसरीकडेच जाऊन नाव घालून आला होता. घरात त्याचा वचक होता, आणि वचक असलेल्या घरात शांतता असते, असं तो मानत आला होता. बायकोसुद्धा उलट बोलत नसे. तिचं फक्त हे एक होतं, की आपण बोलत असताना ती मधूनच कुठेतरी बघायला लागायची. कुठे? तो आठवू लागला. डावीकडे. खिडकीकडे. पण मग त्याच्या लक्षात आलं की त्याला आठवते आहे ती खिडकी जुन्या घरातल्या फोटोशेजारची. त्याने बायकोला त्या खिडकीपासून दूर आणायचा प्रयत्न केला. ओट्याशी उभी असलेली, पाठमोरी. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, उशीवर. उशीवर केस मोकळे होते, त्यांना भांग नव्हता. लग्नाच्या दिवशी? त्या दिवशी त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं, तो फोटोग्राफर दिवे कसे चुकीचे लावतो आहे ते बघत होता. तो तिचा चेहरा जवळ आणू बघे, आणि प्रत्येक वेळी जवळ येताच तो चेहरा काळा-पांढरा होऊन भिंतीवर जाऊन बसे, हनुवटी वर, ओठ मिटलेले. व्रणाशिवाय. त्याने डोळे उघडले. घरात कुणी नव्हतं. भिंतीवरचे बाकीचे लोक एकमेकांच्या फोटोत डोकावत होते आणि दोन रिकाम्या चौकटींतून रंग दिलेलं सिमेंट दिसत होतं. टोचणाऱ्या कवळीमुळे आठवत नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. कवळी काढून हातात घेतली, तरी आठवेना.

तो उठला. त्याला निगेटिव्ह हवी होती. मुळात गरज नव्हती, सगळ्यांनी मान्य केलं होतं, फोटो सरळ होऊन येत होता. पण मान्य करणं वेगळं आणि नाक खाली होणं वेगळं. मुलगा घरी आला की त्या दोघांना समोर बसवून निगेटिव्ह उजेडाला धरायची आणि दाखवायचं, ही बघा, इकडची बाजू ही, तिकडची ती, तुमच्या दुकानदाराने कुठे शेण खाल्लं ते बघा, आणि पुन्हा या घरात चेहऱ्याच्या गोष्टीत कुणी मला शिकवू नका. दुकानात स्कॅन होतंच, त्यामुळे पाकीट न नेता सुनेच्या टेबलावर दुकानाच्या पावतीखालीच पडलं होतं. जुनं खाकी पाकीट, त्यावर त्याच्याच अक्षरात फक्त 'घरची'. पश्चिमेकडची खिडकी अजून उजेडाने भरलेली होती. त्याने निगेटिव्ह कडांना धरून बाहेर काढली.

तिची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. मंद बाजूला चित्र उमटतं तो मसाला असतो, तीच बाजू फोटो काढताना माणसाकडे असते, आणि छापताना कागदाकडे ठेवायची असते. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की माणूस जगात दिसतो तसा दिसतो. हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्याचे डोळे आता अधू होते, मंद आणि चकचकीत त्याला धड कळेना. म्हणून त्याने अंधाऱ्या खोलीत करत तेच केलं, खालचा ओठ ओला करून निगेटिव्हचा कोपरा त्याला लावला. चिकटला तर मसाल्याची बाजू. चिकटला नाही. उलटी करून दुसऱ्या बाजूचा कोपरा लावला. चिकटला. त्याने ती पक्की लक्षात ठेवली, चकचकीत बाजू स्वतःकडे घेतली आणि खिडकीला धरली.

बायको उजवीकडे बघत होती.

त्याने पुन्हा ओठ ओला केला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ओठ कोरडा पडला होता आणि काहीच चिकटेना. मग त्याने निगेटिव्ह तिरकी धरली, आणि मंद बाजूवर पेन्सिलीच्या रेघा चमकल्या. स्वल्पविरामासारख्या, एकाशेजारी एक, त्याच्या हातच्या, शेकडो. भुवईच्या वर त्या इतक्या दाट होत्या की गव्हाच्या दाण्याची जागा त्यांवरूनच कळत होती. पेन्सिल चालते ती मसाल्याच्या बाजूला. रिटचर चेहरा पाहतो तो त्या बाजूने, म्हणजे उलटा. तीन दिवस तो तिच्याकडे त्या बाजूने बघत बसला होता, डोळ्याला भिंग लावून, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत जो चेहरा बसला होता तो त्याने सुट्टीच्या दिवशी यंत्रात निगेटिव्ह घालताना ओळखला, आणि ओळखीचा दिसला म्हणून तसाच छापला. गिऱ्हाइकाच्या कामात असं कधी झालं नाही. तिथे तो नियमाने बाजू बघायचा. इथे बाजू बघायची त्याला गरज वाटली नव्हती. घरीच तर होती ती. फोटो घरी नेऊन खिळा ठोकून लावला तेव्हा ती शेजारीच उभी होती, जिवंत, भांगासकट, आणि त्याने फोटोकडे पाहिलं होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. किल्लीचा आवाज झाला आणि मुलगा आत आला. खांद्यावरची बॅग न काढता त्याने आधी भिंतीवरचा मोकळा खिळा पाहिला, मग खिडकीशी उभा असलेला बाप आणि त्याच्या हातातली निगेटिव्ह.

"कशाला काढलीत ती बाबा?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. एखादी गोष्ट होऊ नये म्हणून पुष्कळ दिवस जपावं आणि ती व्हावीच, असा तो आवाज होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. कवळी हातात होती, त्यामुळे शब्द फुसके निघाले. त्याने पाठ वळवून ती तोंडात बसवली आणि पुन्हा म्हणाला, "तुला माहीत होतं."

मुलाने बॅग खाली ठेवली. "मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आईला म्हटलं, फोटोत तुझा भांग चुकीच्या बाजूला आहे. तिने मला आरशासमोर नेलं, म्हणाली, मला तर मी अशीच दिसते, मला चालतंय."

"मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाली."

"का?"

"जाऊ दे ना बाबा. आता काय त्याचं."

"का नको म्हणाली?"

मुलगा भिंतीकडे बघत राहिला. "म्हणाली, सांगितलंस तर ते पुन्हा छापायला बसतील. आणि या खेपेला आणखी काय काय खोडतील कोण जाणे." त्याने बॅग पायाने बाजूला सारली. "हसत म्हणाली होती, बाबा. मावशीला पण सांगून हसायची. आम्ही सगळेच..."

सगळेच. म्हणजे मेव्हणी, तिची मुलं, कदाचित शिडीवर कानाला चिमटा लावून लटकलेला थोरला भाऊसुद्धा. ज्यांना ज्यांना त्याने हा फोटो दाखवून रिटचिंग म्हणजे काय ते समजावलं होतं, ते सगळे माना हलवत होते आणि आतल्या खोलीत जाऊन हसत होते. बायको लाजून आत जात नव्हती. त्याला संताप यायला हवा होता, आणि तो संतापाची वाटही बघत होता, आयुष्यभर त्या जागी संतापच येत आला होता. आली ती शरम. कानापर्यंत, मानेपर्यंत. दुपारी भिंतवालीचे कान लाल झाले होते, ते पाहून आपल्याला बरं वाटलं होतं, हेही त्याला आठवलं आणि त्याने ते आठवू दिलं. ज्याला तो या घरातला वचक समजत होता, ती इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून पाळलेली एक समजूत होती, आजारी माणसाच्या खोलीजवळून पावलं न वाजवता जातात तशी. बायकोला त्याने दुरुस्त केलं होतं. तिला त्या दुरुस्तीची भीती वाटत होती. बत्तीस वर्षं तिने त्या भीतीवर हसून दिवस काढले, आणि तो फोटोखाली बसून जेवला.

"फोन केला तेव्हा तरी सांगायचंस," तो म्हणाला. "त्या पोरीला मी नाही नाही ते बोललो."

"कळलं मला. तिला मी नंतर फोन करून माफी मागितली."

"तू का मागितलीस?"

मुलाने खांदे उडवले. ते कामही वर्षानुवर्षं तोच करत आला असणार. शेजारी, गिऱ्हाईक, मालक, दूधवाला, कुणाकुणाला. हे त्याला आज कळत होतं.

जिन्यात पावलं वाजली आणि सून आली. एकटीच होती. छातीशी चौकट धरलेली, कपाळावर घाम, तोंडावर भांडण नको असलेल्या माणसाचं कोरडं सौजन्य. "घ्या," ती म्हणाली, "दुकान बंद करत होता, थांबवून करून घेतला. आता डावीकडे बघताहेत. लावू?" तिने चौकट खिळ्याजवळ नेली. तिथून बायको भिंतीबाहेर, चपलांच्या कपाटाकडे बघू लागली. गुळगुळीत कपाळाची, मुरड नसलेल्या ओठांची एक तरुण बाई. तो तिच्याकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाच्या कामाकडे बघावं तसं त्याला पहिल्यांदाच बघता आलं, आणि काम चांगलं होतं, फार सफाईचं होतं, पण ही कोण बाई आहे ते त्याला सांगता येईना.

"हा नको," तो म्हणाला. "सकाळचा लाव."

"अहो, पण तो उलटा होता ना? तुम्हीच तर..."

"तो बरोबर होता. उलटा मी छापला होता. मीच. लग्न झालं तेव्हा." शब्द जड जात होते पण एकदा तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांचं काही वाटत नव्हतं. "त्या मुलीला उद्या बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय. आणि हा जो आहे, त्यातही मी पुष्कळ खोडलंय. कपाळावर व्रण होता तिला. तो या नाही, त्या नाही, कुठल्याच फोटोत नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. ती आता त्याला टोमणा मारील, दुपारचं सगळं परत करील, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिने चौकट हळूच खुर्चीत टेकवून ठेवली आणि त्यातल्या चेहऱ्याबद्दल नऊ वर्षांत पहिल्यांदाच खरं कुतूहल वाटल्यासारखी वाकून बघत राहिली.

"मग आई दिसायच्या तरी कशा?" तिने त्याला विचारलं.

त्याने तोंड उघडलं. मुलगा खाली बघत होता, बापाने आता काहीही ठोकून दिलं तरी ते मान्य करायला तयार.

"याला विचार," तो मुलाकडे हात करून म्हणाला. "याने बघितलंय तिला."